कपाळाला लावलेला अक्रोड

गावच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं, मागे लेकीसुना, आणि मंचावर काळ्या झग्यातले, प्रार्थनेनं रोग काढून देणारे बंधू लाझार.

"बघा हा अक्रोड! बाहेर कवटी, आत मेंदू! कुणाचं औषध ते देवानं त्यावरच लिहून पाठवलंय!"

"मग भोपळा कुणासाठी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुझ्यासाठी! तुझ्याही आत बियाच आहेत!"

हॉल हसला. मग बंधूंनी एका आजीच्या कपाळाला अक्रोड टेकवला, पुटपुटले आणि फोडला. गर काळाकुट्ट. सगळ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

नाताळच्या आदल्या रात्री आमच्याकडे घरातला प्रत्येक जण एक अक्रोड फोडतो. गर पांढरा निघाला तर वर्ष चांगलं. काळा निघाला तर त्या माणसाकडे बघायलाही लोक धजत नाहीत. काळ्या गराची ही धास्ती लहानपणापासूनची. बंधूंना वेगळं काही पटवावं लागलंच नाही.

"रोग अक्रोडात उतरला! पांढरा निघेपर्यंत दर बुधवारी या. आणि गोळ्या बंद! गोळ्या चालू असल्या की अक्रोडाला रोग ओढता येत नाही."

माझा नवरा दोब्री माणसं विसरायला लागला होता. त्याला इथे आणलं त्याच्या थोरल्या बहिणीनं, त्सोंकानं. रक्तदाबाच्या गोळ्या तिनंच चुलीत टाकल्या.

"वन्सं, डॉक्टरांना विचारू या का?"

"वहिनी, रोज दिवा लावणारी तू, आणि तूच शंका घेतेस?"

त्या दिवसांत आतून काही उठायचंच नाही. बुधवार-शुक्रवारचे उपास करत होते, संतांच्या तसबिरीपुढे वात लावत होते, बटाटे सोलत होते.

एका सकाळी दोब्रीच्या उजव्या हातातून चमचा गळून पडला, हात पुन्हा उचलेचना. गावच्या डॉक्टर गेंचेवा आल्या, त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला.

"गोळ्या कुणी थांबवल्या?"

"अक्रोडानं," मी म्हणाले.

त्या बुधवारी त्या आमच्याबरोबर हॉलमध्ये आल्या. बंधूंनी अक्रोड काढला तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "कपाळाला न लावता फोडा की."

"प्रार्थनेशिवाय फोडणं पाप आहे, बाई!"

मी उठले. का उठले ते सांगता येत नाही. "पाप माझ्या माथी. आज उपास आहे माझा." अक्रोड त्यांच्या हातातून घेतला. हातात येताच कळलं, हलका होता. मंचाच्या पायरीवर ठेवून त्यांच्याच दगडानं फोडला. काळा.

"हा कुणाचा रोग?" डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टरांनी बंधूंच्या झग्याचा खिसा उलटा केला. आतले अक्रोड घरंगळले. आम्ही बायकांनी ते फोडले. सगळे काळे. मग लोकांना दाखवायला ठेवलेल्या टोपलीतला एक मी दोब्रीच्या कपाळाला टेकवून फोडला. पांढराशुभ्र.

"म्हणजे बरा झाला!" त्सोंका रडत म्हणाली.

डॉक्टर दोब्रीपुढे वाकल्या. "बाबा, या कोण?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आमची आई."

झाडाखाली पावसात पडून राहिलेला अक्रोड आतून सडतो. धुऊन वाळवला की बाहेरून ओळखू येत नाही. दर शरदात आम्ही असलेच निवडून फेकतो. बंधू ते खिशात ठेवत. देणग्या आटायला लागल्या की टोपलीतला चांगला काढत.

"मग अक्रोड खायचेच नाहीत?" त्सोंकानं विचारलं.

"खा की, मूठभर रोज खा," डॉक्टर म्हणाल्या. "चांगलं अन्न आहे. नेमानं खाणाऱ्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती थोडी बरी टिकते, असं काही अभ्यासांत दिसलंय. पक्कं अजून कुणी सांगू शकत नाही. पण गेलेलं परत आणत नाही तो. आणि गोळीच्या जागी तर मुळीच नाही."

नाताळच्या आदल्या रात्री दोब्रीनं डाव्या हातानं अक्रोड उचलला. मी फोडून दिला. काळा निघाला. त्सोंकानं तोंडावर हात ठेवला.

"भिजला असेल, वन्सं," मी म्हणाले, आणि दुसरा फोडला.

मी अजूनही उपास करते, वात लावते. ते माझं आणि देवाचं. पण ज्याला देवाच्या नावावर तुमची गोळी बंद करायची आहे, त्याच्या हातातला अक्रोड आधी आपल्या हातात घ्या. वजन बघा. कपाळाला लावण्याआधी फोडा.

दोब्रीनं गर चावून खाल्ला. मग मी गोळी दिली, पाणी दिलं.

"आई," तो म्हणाला, "अजून एक."

मी फोडला.