नावाचे घास

पोरांनो, डोळे मिटा आणि एक घर डोळ्यांसमोर आणा. त्या घरातल्या शाल्मलीच्या आईचं वजन कमी करायचं म्हणून डॉक्टरांनी तिचं पोट कापून केळ्याएवढं केलं. त्याच दिवशी तिचं स्वयंपाकघरही लहान झालं. आईनं घास गिळला की भिंती वीतभर आत यायच्या. घास नीट चावलेला असला तर हळूहळू मागे जायच्या.

सहा आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर गेले. आज पहिली पोळी. नखाएवढा तुकडा, तीस वेळा चावायचा, वर पाणी नाही, भरल्यासारखं वाटलं की थांबायचं. शाल्मली मोजत होती. चार घासांनंतर आईनं ताट सारलं.

समोर बसलेली आत्या म्हणाली, "एवढंच? चिमणीसुद्धा जास्त खाते."

"पोट भरलं, वन्सं."

"असं कसं भरेल? हा घे, माझ्या दादाच्या नावाचा."

त्या घरात नावाचा घास कुणी परतवत नसे. परतवला तर त्या माणसाचं वाईट होतं म्हणत. आईनं तो तसाच गिळला. तो गिळताच ऑफिसात असलेले बाबा स्वयंपाकघरात फ्रिजजवळ येऊन उभे राहिले. भिंती आत आल्या, त्या मागे गेल्या नाहीत.

मग आजोबांच्या नावाचा. आजोबा मिरजेहून आले, एका गालाला साबण तसाच. मग शेजारच्या काकडेकाकूंच्या नावाचा.

"सरका की जरा," काकू म्हणाल्या.

"कुठं सरकू? ओट्यावर चढू?" बाबा म्हणाले.

आईचा हात छातीवर होता. तिला बोलता येत नव्हतं. शाल्मलीची पाठ भिंतीला टेकली, तेव्हा तिला भिंतीतले, आईच्या पोटाला घातले होते तसे, काळ्या दोऱ्याचे टाके दिसले. दोन उसवले होते. तिसरा ताणला जात होता.

"आता शेवटचा," आत्या मायेनं म्हणाली. "लेकीच्या नावाचा. शाल्मलीचा. याला नाही म्हणशील?"

आईनं तोंड उघडलं.

"मी शाल्मली नाही," शाल्मली म्हणाली. "या घरात शाल्मली नावाचं कुणी नाही."

आत्याचा हात हवेतच थांबला. टाका तुटला नाही. आईनं मोठा श्वास घेतला आणि मुलीकडे वळून, परक्याच्या लेकराला विचारावं तसं हळूच विचारलं, "तू कुणाची गं, बाळ?"

मुलगी सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत बाहेर गेली. तिनं घराचं दार ओढून घेतलं, केस नीट केले आणि पहिल्यांदाच आलेल्या पाहुणीसारखी बेल वाजवली.