बियाण्याला ठेवलेल्या जाड्या अळ्या

बियाण्याच्या अळ्या निवडायची दादाची रीत साधी. ट्रेमध्ये हात घालायचा आणि जाड्याजाड्या तेवढ्या बाजूला काढायच्या. "पैलवानाच्या पोटी पैलवान!" बारक्या सगळ्या पक्ष्यांच्या दुकानात, खाद्य म्हणून.

धंदा दोघा भावांचा. पत्र्याची शेड, कोंड्याचे ट्रे, हीटर. दादाच्या शब्दावर धाकट्याने पक्की नोकरी सोडली होती.

ऐन उन्हाळ्यातही हीटर चालूच.

"दादा, आत उभं राहवत नाही. बंद करू?"

"तू अळी आहेस का? उबेत फुगतात त्या."

"हेही तसेच फुगलेत," वहिनी म्हणाली.

अळ्या खरंच फुगल्या, पार करंगळीएवढ्या. पण एक कोष करेल तर शपथ! कोष नाही तर भुंगेरा नाही, भुंगेरा नाही तर अंडी कुठली? पुढचे ट्रे ओस पडले. डबीत चार अळ्या घेऊन धाकट्याने कॉलेजात कीटक शिकवणाऱ्या बाईंना गाठलं.

बाईंनी एक अळी चिरून मायक्रोस्कोपखाली धरली.

"मेंदूमागचे हे दोन ठिपके बघा. ग्रंथी आहेत. यांचा रस पाझरतोय तोवर अळी अळीच राहते. वाढ पुरी झाली की तो आटायला हवा. तुमच्याकडच्या उष्णतेने ग्रंथी बिघडल्या, रस आटतच नाही. ही नुसती कात टाकत फुगणार आणि तशीच मरणार."

"आणि बारक्या?"

"त्यातल्या काहींनी उष्णता सोसली असेल. त्यांचेच भुंगेरे झाले असते. ठेवल्यात ना त्या?"

धाकट्याने डबीला झाकण लावलं.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. दादाने लगेच दुकानदाराला फोन लावला. "आमच्या बारक्या अळ्या उरल्यात का हो?"

"अहो, पक्षी काय उष्टं ठेवतात?"

फोन ठेवून दादा धाकट्यावरच उखडला. "तुला कळत होतं तर हीटर बंद का नाही केलास?"

"तुला न विचारता या घरात पंखा तरी लावलाय का मी कधी?"

वहिनीने दोघांकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

संध्याकाळी दुकानदार जाड्या अळ्या न्यायला आला. "वा! काय माल आहे! दर आठवड्याला असाच द्या."

"देऊ की," दादा छाती काढून म्हणाला.

धाकटा शेडबाहेर जुन्या साहेबांशी फोनवर बोलत होता. साहेब चांगले होते, घरच्यांची चौकशी केली त्यांनी. जागा मात्र भरली होती.