सुताची उलटी प्रदक्षिणा

निजामाच्या अमलात जळकोटला रुद्रम्माची पिठाची गिरणी होती. एका सकाळी तिचं इंजिन तेलाच्या गाळणीपाशी गळू लागलं, आणि नेमकी दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीची, जगदेवीची हळद. लग्नाच्या भाकरीची ज्वारी अजून पोत्यांतच होती. इंजिन चाललं नाही तर सगळ्या आळीला जात्यावर बसावं लागणार होतं.

सोलापूरचा मिस्तरी येईपर्यंत वऱ्हाड जेवून परत गेलं असतं. म्हणून रुद्रम्माचा दीर धोंडप्पा पाना घेऊन बसला.

गाळणीच्या डब्यात तेलाच्या नळीचा पितळी जोड बसवतात. त्याला आटे असतात, म्हणजे स्क्रूसारख्या गोल फिरत जाणाऱ्या खाचा. खाचांच्या फटीतून तेल झिरपू नये म्हणून त्यांवर सफेद्याचा पांढरा लेप लावून सूत गुंडाळतात. धोंडप्पानं ते सगळं केलं. तरी इंजिन सुरू होताच तेल टपकलं.

"भावजी, अजून आवळा की."

"लई आवळलं, वैनी. आता पितळ चिरंल."

जोड काढून पाहिला, तर सूत आट्यांवरून निसटून बाहेर गोळा झालेलं.

"कसं निसटलं? म्या तर देवाला प्रदक्षिणा घालावी तसंच गुंडाळलंय."

"तवा जोडाचं आट्यांचं तोंड कुणीकडं होतं?"

"खाली."

रुद्रम्मा हसू लागली. "देवाला डोक्यावर उभा केला आन् प्रदक्षिणा तशीच घातली. उलटीच झाली की ती."

तिनं तोंड वर धरलं आणि त्याच प्रदक्षिणेनं नवं सूत गुंडाळलं. आता जोड आत फिरेल तसं सूत सुटणार नव्हतं, उलट जास्तच आवळणार होतं.

"तोंडाजवळचा आटा मोकळा ठेवा," धोंडप्पा म्हणाला. "धागा तेलात गेला तर वाट तुंबंल."

"व्हय, ते मला सुचलं न्हवतं."

जोड हातानं फिरेल तितका फिरवला, मग पान्यानं थोडा आवळला. धोंडप्पाचा हात पुन्हा पान्याकडे गेला.

"बास करा, भावजी. कासार बांगडी भरताना हात मोडतो का?"

इंजिन सुरू झालं. धोंडप्पानं जोडाखालून बोट फिरवून पाहिलं. कोरडं. त्यानं दुसरंही बोट फिरवलं, मग गिरणीचा पट्टा चढवला.

दिवस मावळायच्या आत पीठ दळून झालं. हळद तेवढी बायकांनी जात्यावरच दळली, गाणी म्हणायला कारण हवं म्हणून.