रुद्रम्माचे लाल हात

रविवारी सकाळी हळ्ळीखेडात नागेशच्या दारापुढे चपलांचा ढीग पडला होता. आत माणसं, ओसरीवर माणसं, पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली. मधघरात पाटावर मृत्युंजयअप्पा बसले होते. कपाळभर भस्म, हातात हळदीच्या तीर्थाचा तांब्या आणि तोंड असं सुरू, की आठवडी बाजारातल्या कापडवाल्यानंही त्यांच्याकडं शिकवणी लावावी. शेजारी त्यांचा चेला तोंडभर भस्म फासून, शंख घेऊन उभा होता. त्याचं मौनव्रत होतं.

"मोबाईलला मेमरी असती का न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"असती, असती!"

"मग भिंतीला कामून नसंल? माणूस जातंय, पण त्याचं सगळं भिंतीत राहून जातंय. मी काय करतो? निस्तं बटण दाबतो!"

लोक हसले. हसलेला माणूस निम्मा पटलेला असतो, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटले.

"हे घर बांधलं गुंडेरावनं. बायको राजूबाई. लेक एकच, भीमण्णा, पायानं अधू. त्यांच्या माघारी हितं एक मास्तर भाड्यानं ऱ्हायला. त्याची म्हैस ह्याच परसात मेली."

म्हातारी माणसं एकमेकांकडं बघू लागली. सगळं खरं होतं. अप्पा आले होते कुठून तरी तेलंगणाच्या बाजूनं, त्यांना मास्तरची म्हैस कशी कळावी?

"आन् मधी एक सून होती." अप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. "आळंदकडची. रुद्रम्मा! परसातल्या आडात ढकलली गं तिला! आड बुजवला, वर लिंब लावला. ती कुठं जाणार? हितंच हाय. ह्या पोरीत हाय!"

त्यांनी बोट दाखवलं ते स्नेहलकडं. नागेशची ही सतरा वर्षांची लेक कॉलेजात शिकत होती आणि वर्षभरापासून तिला फिट येत होत्या. अप्पांनी तांब्यातलं तीर्थ समोरच्या पांढऱ्या भिंतीवर फेकलं. पिवळं पाणी ओघळलं, आणि ओघळता ओघळता भिंतीवर हात उमटले. लालभडक. पाची बोटं पसरलेले.

बायका किंचाळल्या. दारातल्या एकानं साष्टांग नमस्कारच घातला.

उपाय अप्पांच्या झोळीत तयार होता. फिटच्या गोळ्या आजपासून बंद, कारण गोळ्यांनी रुद्रम्माची आग होते. अमावस्येला दुपारी पोरीच्या कपाळावर तापल्या लोखंडाचा एक डाग. आणि घर सोडायचं.

"आधीच्या माणसांना तुम्ही हितं ऱ्हायलेलं आवडंना," ते म्हणाले. 'तुम्ही' म्हणताना त्यांची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला लागून परत आली. "फोटोला माझा नमस्कार हाय. पण वास्तू वास्तू असती. घर घेणारा माणूस बी हाय माझ्या बघण्यात."

नागेशची आई भागाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सारा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई. गाव तिला सिस्टरअक्का म्हणत असे. तिला त्या हातांची भीती वाटली नाही. तिला राग आला, आणि रागाच्या मागोमाग एक गोष्ट खटकली. आडात ढकलली?

या घराची भागाबाईइतकी ओळख गावात कुणाला नव्हती, आणि ती सगळी उंबऱ्याबाहेरची होती. लहानपणी आईबरोबर ती इथं सरपण आणून टाकायची. राजूबाई ओसरीवरून उंच तांब्या धरून ओंजळीत पाणी ओतायची, शिंतोडा उडू नये म्हणून स्वतः मागं सरकायची. भागाबाई पाणी पिता पिता बोटांच्या फटीतून आत बघायची: पितळी समया, दळणाचं जातं, लोणच्याच्या बरण्या. पुढं नागेशनं कोळारच्या कारखान्यात राबून हेच घर विकत घेतलं, तेव्हा ती पहिल्या दिवशी उंबऱ्यावर कितीतरी वेळ नुसतीच बसून राहिली होती. लिंब कुणी लावला हेही तिला आठवत होतं. आड आटला, त्यात वासरू पडलं, म्हणून गुंडेरावनं तो बुजवला आणि लिंब लावला.

आणि रुद्रम्मा? तिला तर भागाबाईनं स्वतः बसमध्ये बसवलं होतं.

भीमण्णा पायानं अधू होता, हातानं नव्हता. एकदा त्यानं दाराच्या फळीत बायकोची करंगळी चिरडली. रुद्रम्मा दवाखान्यात आली, तेव्हा पट्टी भागाबाईनं बांधली. बोट वाकडं ते वाकडंच राहिलं. पुढच्या खेपेला डोकं फुटलं, तेव्हा रुद्रम्मा म्हणाली, "अक्का, आता घरी न्हाई जायची मी." भागाबाईनं तिला तशीच आळंदच्या बसमध्ये बसवलं आणि भीमण्णाला माग लागू नये म्हणून कुणाला सांगितलं नाही. पुढं तिकडं निंबर्ग्यात तिचा दुसरा संसार झाला, दोघींचं बोलणं अधूनमधून चालू होतं. सून पळाली म्हणणं नामुष्कीचं, म्हणून राजूबाईनं माहेरी तापानं गेली असं सांगितलं. गावाला ताप मिळमिळीत वाटला. गावानं बुजवलेला आड बघितला आणि आपली गोष्ट आपणच पुरी केली.

भागाबाईनं त्याच संध्याकाळी हे लेकाला सांगितलं. नागेश चिडला.

"आई, सारं गाव म्हणतंय मेली. तू एकटी म्हणायलीस जित्ती हाय. मग ते हात?"

"हात कशाचे ते बघते मी. आधी पोरीच्या गोळ्या आण."

"आत्याबाई, पाया पडते," मंगल, तिची सून, रडायला लागली. "अमावस्येपर्यंत थांबा. त्यांनी म्हशीचं सुदिक वळखलं!"

"म्हशीचं वळखलं म्हणून पोरीला डाग द्यायचा व्हय गं?"

गोळ्यांचा डबा मंगलनं कुलपात घातला. दोनच दिवसांत स्नेहलला एवढी मोठी फिट आली की जीभ चावली गेली. शुद्धीवर आल्यावर तिनं आजीचा पदर धरला.

"आजी, माझ्या अंगात खरंच ती बाई हाय का?"

"ती बाई निंबर्ग्यात नातवंडं सांभाळायलीय. तुझ्या अंगात यायला तिला सवड कुठली?"

स्नेहल हसली, पण तोंडातून रक्त आलं. भागाबाईनं सुनेच्या कमरेच्या किल्ल्या हिसकावल्या आणि तिच्यादेखत नातीला गोळी दिली. "आता लोखंड माझ्या कपाळाला लाव, मंगल," ती म्हणाली. "हिला हात लावलास तर पोलिसात जाईन. मग सून बघणार न्हाई न् लेक बघणार न्हाई."

धुण्याच्या दगडावर तिला हातांचं कोडं सुटलं. रविवारी मंगलच्या साडीवर तीर्थाचे शिंतोडे उडाले होते. सोड्याच्या पाण्यात भिजवताच ते पिवळे डाग लालभडक झाले. भागाबाई दगडावरच बसली आणि स्वतःला हसली. हळदीच्या डागाला सोडा लागला की तो लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. पण तोच डाग भिंतीवर दिसला आणि गावातली प्रत्येक धुणं धुणारी बाई हात जोडून उभी राहिली! रविवारी तीर्थ फेकण्याआधी अप्पांनी 'वास्तू बांधायची' म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं होतं, तेही तिला आठवलं.

मग तिनं निंबर्ग्याला फोन लावून रुद्रम्माला बोलावलं.  रुद्रम्मा म्हणाली, "अक्का, त्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई म्हणून शपथ हाय माझी."

"माझ्या नातीला तुझ्या नावानं डागायलेत, रुद्रम्मा."

पलीकडं फोन बंद झाला. ती येणार की नाही, भागाबाईला कळेना.

अमावस्येला दुपारी पुन्हा तीच गर्दी. भागाबाईनं या वेळी मुद्दाम कुणाला अडवलं नव्हतं. चुलीत लोखंडी उलथनं तापत होतं. स्नेहल आजीला चिकटून बसली होती. अप्पा रंगात आले होते, चेला शंख फुंकत होता.

"अप्पा," भागाबाईनं हात जोडले, "रुद्रम्मा कशी मेली ते एकदा सगळ्यांदेखत सांगा. पोरीच्या मनाला पटू द्या."

"आता पटली का आजी!" अप्पा खूश झाले. "रात्रीचं मागून ढकलली. तीनदा वर आली, तीनदा आईला हाक मारली. मला आता सुदिक ऐकू यायलीय!"

"काय म्हणून हाक मारली?" बायकांच्या घोळक्यातून एका म्हातारीनं विचारलं. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी.

"अव्वा, अव्वा म्हणून!"

"मला आई आठवत बी न्हाई. मी पाळण्यात होते तवाच गेली ती." म्हातारी उठून पुढं आली आणि तिनं पदर मागं सारला. "कोरड्या आडात मी तीनदा वर कशी आले रे बाबा? उडी मारून?"

कुणाला काही कळेना. मग जुन्यापैकी एक म्हातारा काठी टेकत उठला, तिच्या तोंडाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "अगं... गुंडेरावची सून!"

रुद्रम्मा भिंतीपाशी गेली. तिनं आपला उजवा हात त्या लाल हातावर ठेवला. चार बोटं जुळली. करंगळी वाकडी, आत वळलेली.

"हे बोट ह्याच घरात मोडलं," ती म्हणाली. "मेल्यावर सरळ झालं व्हय?"

अप्पा चाचरले, पण जीभ सरावाची होती. "ही माया हाय! रूप घेऊन आलीय ती! हिला शिवू नका!"

तेवढ्यात स्नेहल उठली. सकाळी आजीनं सांगितल्याप्रमाणे तिनं सोड्याच्या पाण्यात हात बुडवून बाजूच्या कोऱ्या भिंतीवर ठेवला होता आणि तो वाळू दिला होता. तिनं अप्पांच्याच हातातला तांब्या ओढला आणि तीर्थ त्या भिंतीवर फेकलं. एक लहानसा हात लाल उमटला.

"हा माझा हात हाय," ती म्हणाली. "मी कवा मेले, अप्पा?"

पहिल्यांदा खिडकीतली पोरं हसली. मग सगळं घर. नागेशनं पुढचं दार लावून घेतलं, आणि चेल्याचं मौनव्रत मोडलं.

"अप्पा, चला! परसातनं वाट हाय!"

मंगल ताडकन उठली. "हा आवाज! जुन्या साड्यावर भांडीऽऽ! हाच तो भांडीवाला! ह्याच ओसरीवर बसून चहा पिला मेल्यानं. म्हशीचं मीच सांगितलं, आडाचं बी मीच सांगितलं!"

काही जण हात उगारून धावले. भागाबाई मधे उभी राहिली. "मारू नका. पोरीला डागायला उलथनं तापवलंय, ते तसंच ऱ्हाऊ द्या, पोलिसांना दाखवायचंय. नागेश, फोन लाव."

मग ती गर्दीकडं वळली. तिला कुणाची दया आली नव्हती.

"तुमचं बी चुकलंच. ह्याला गावाला ठाऊक होतं तेवढंच ठाऊक होतं. आन् गाव जिथं चुकलं, नेमका तिथंच हा चुकला. मेलेलं माणूस ह्याच्याशी बोलत असतं तर ते मेलंय का न्हाई एवढं तर सांगितलं असतं! भिंती बोलत न्हाईत. बोलता तुम्ही, आन् कोण ऐकायलंय ते बघत न्हाई. कुणी घरातलं वळखलं तर पाया पडायच्या आधी विचारा, तुला कुणी सांगितलं? पोरगी आजारी पडली तर डॉक्टरकडं न्या. ती जुनी माणसं आपल्यासारखीच होती. त्यातली काही वाईट होती, पण मेल्यावर ती कुणाच्या अंगात येत न्हाईत."

गर्दी पांगली. मंगल लेकीला मिठी मारून बसली होती, आणि भागाबाईनं अजून तिच्याकडं बघितलं नव्हतं. रुद्रम्मानं पाणी मागितलं. स्नेहलनं तांब्या भरून आणला. रुद्रम्मानं तांब्याला तोंड लावून निम्मं पाणी प्यायलं आणि तोच तांब्या पोरीच्या हातात दिला.

"उरलेल्या पाण्यावर गोळी घे. माझी शपथ तुझ्यापायी मोडली."

मग पिशवी उचलून ती उंबऱ्यावर थांबली. "अक्का, आळंदची बस किती वाजता हाय? आन् गावाला सांगून ठेव, आता पुन्हा मारू नका मला. घरी तुरीची रास पडलीय."

या खेपेलाही भागाबाईच तिला बसपर्यंत सोडायला गेली.