फेलीच्या भीतीची वही

फेली भित्री, हे साऱ्या बेटाला ठाऊक होतं. तळ्याच्या मधोमध ज्वालामुखी, त्याच्या पायथ्याशी गाव, आणि ही बाई भांडं पडलं तरी दचकणार. स्मशानात घर बांधून भुताला भ्यायचं, तर कसं व्हायचं? पण तिनं आपला उपाय शोधला होता. जमीन हलली, छाती धडधडू लागली, की ती वही काढायची आणि सगळं लिहून मोकळी व्हायची. काय झालं, कोण काय म्हणालं, पोटात कसा गोळा आला. लिहिता लिहिता भीती ओसरायची. दुसऱ्या दिवशी खाली एकच ओळ पडायची, ‘काही झालं नाही.’

नवरा पिडियो तीच वही गावच्या जत्रेत मित्रांपुढे मोठ्यानं वाचून दाखवायचा. एकदा तिच्या हट्टापायी घरचे सगळे पलीकडच्या काठाला पळाले, आणि परत येईतो त्यांची डुकरं चोरीला गेली. तेव्हापासून बेट सोडायचं नाव त्याच्यापुढे काढायची सोय नव्हती.

त्या दुपारी जमीन पुन्हापुन्हा हलत होती. त्यांची लेक तेसिंग भाताची ताटली घेऊन टेबलाखाली जाऊन बसली. फेलीनं वही उघडली, पण अक्षर उमटेना. मग धीर यावा म्हणून ती मागची पानं वाचू लागली. ‘पिडियो म्हणाला, डोंगराला ढेकर आला.’ ‘पिडियो म्हणाला, तुझ्याच घोरण्यानं हललं.’ ‘पिडियो हसला, झोप म्हणाला.’ पान उलटावं तिथं त्याची चेष्टा चाललेली.

फेलीनं मान वर केली. पिडियो आज तळ्यावरून लवकर आला होता, तोही रिकाम्या हातानं. मांडीवर जाळं घेऊन दारात नुसता बसला होता. इतकी जमीन हलली, पण त्यानं तिला एकदाही चिडवलं नव्हतं. डोंगराला ती रोजच भ्यायची. नवऱ्याच्या गप्प बसण्याला आज पहिल्यांदा भ्याली.

"पिडियो, तळ्यावर काय बघितलंस?"

"कुठं काय. भात वाढ."

"माझ्या तोंडाकडे बघून सांग."

त्यानं बघितलं. "मासे मेलेत गं. जिकडेतिकडे पांढरी पोटं वर. पाण्यात हात घातला तर चटका बसला."

"आणि हे आत्ता सांगतोयस, मेल्या?"

"तू घाबरशील म्हणून..."

फेलीनं तेसिंगला टेबलाखालून ओढून कडेवर घेतलं. शेजाऱ्यांच्या दारांवर थापा मारत, "मासे मेलेत, पळा!" असं ओरडत ती काठाकडे धावली. मागून पिडियो. डोंगराच्या पोटातून गुरगुर येत होती. होडी पाण्यात गेली, पण पिडियो वल्हं धरून नुसताच उभा राहिला. जन्मभर हसण्यावारी नेलेली भीती एकदम अंगावर आली होती.

"फेली, माझे हात... हातच उचलत नाहीयेत गं."

"बस खाली. पोरीला धर," ती म्हणाली. "माझं घाबरून झालंय आधीच. आज तू घाबर. ते वल्हं इकडे दे."