जयवंतच्या पिंढऱ्या

उरवड्याचा जयवंत सलग चार वर्षं आमच्या कोळवणच्या जत्रेत कबड्डी जिंकून जात होता. तो चढाईला आला, की आम्ही पाच जणांनी मिळून पाय धरला तरी माशासारखा निसटायचा. पायाला तेल लावतो, दुसरं काय! मी चारही वर्षं बोंबलत होतो, पण कुणी ऐकेना.

अठ्ठ्याहत्तर साली मात्र मी पंचांशी भांडलोच. "आधी ह्याच्या पायाला राख चोळा, मगच खेळू!"

राख आली. मीच चोळली, भांडी घासावीत तशी. जयवंत हसत उभा राहिला. पहिल्याच चढाईत मी त्याची पिंढरी धरली, ती सुटलीच नाही. आम्ही जिंकलो.

एकही टाळी वाजली नाही. लोक उठून पाळण्याकडं चालू लागले. माझी अम्मा तर चिडलीच. "नसीर, धरलास कशाला त्याला? आमी काय तुला बघाया आलतो व्हय?"

पुढच्या जत्रेला तिनंच खोबरेलाची बाटली माझ्या हातात ठेवली. "जयवंतला दे. आन् गप खेळ."

मी बाटली जयवंतपुढं धरली. म्हटलं, आता तरी लाजेल. त्यानं बूच काढून वास घेतला.

"खोबरेल न्हाई चालत, नसीर. पंचाला वास येतो. घरात गोडंतेल हाय का?"

असला राग आला मला! तसाच घरी पळालो, गोडंतेल आणायला.