पट्टायात शिकलेला भात

म्हसरूळला दिंडोरी रोडवर गोरक्ष थेटेचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. द्राक्षाच्या हंगामात त्याने एका कंपनीचं बुरशीनाशक इतकं विकलं, की एप्रिलमध्ये कंपनीने त्याला विमानाने थायलंडला नेलं. कंपनीच्या भाषेत हा अभ्यास दौरा होता. बायकांना न्यायची सोय नव्हती. त्यांनीही अभ्यास करावा असं कंपनीला काही वाटलं नव्हतं. गोरक्षच्या सोबतीला त्याचा जुना मित्र सुयश होता. त्याचं असंच दुकान सिन्नरला आहे.

गोरक्ष परत आल्यावर त्याची बायको शुभांगी फोनवर फोटो बघत बसली. दौऱ्यातल्या दुसऱ्या कुणीतरी ते पाठवले होते. पट्टायातल्या एका संध्याकाळच्या फोटोंत दिव्यांची झगमग होती, गळ्यात हार घातलेले दुकानदार होते, पण गोरक्ष आणि सुयश कुठेच नव्हते. तुम्ही दोघं कुठे होतात, असं तिने सहज विचारलं. गोरक्षला हॉटेलच्या दारातली एक पाटी आठवली. तिच्यावर आंब्याच्या फोडी आणि पांढऱ्या भाताचं चित्र होतं. आम्ही तिथला गोड भात करायला शिकत होतो, असं तो म्हणाला.

दुकानात मात्र त्याने भाताचं नाव काढलं नाही. तिथे चहाला जमणाऱ्या मंडळींनी पट्टायाबद्दल खोदून विचारलं तेव्हा तो नुसता हसला आणि म्हणाला, काही गोष्टी दुकानात बोलायच्या नसतात. बाकीचं मंडळींनी आपापल्या आवडीप्रमाणे समजून घेतलं.

हे समजून घेतलेलं फिरत फिरत सिन्नरला सुयशच्या बायकोच्या, चैतालीच्या कानावर गेलं. तिने शुभांगीला फोन केला. शुभांगीने नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. रविवारी सुयशभाऊंना आणि चैतालीला जेवायला बोलावलंय, तुम्ही दोघांनी मिळून तो भात करायचा, एवढंच तिने सांगितलं. हौसेने सांगावं तसं सांगितलं, त्यामुळे गोरक्षला नाही म्हणता येईना.

मधले दिवस तो गोडाऊनमध्ये खतांच्या गोण्यांआड बसून मोबाईलवर भाताचे व्हिडिओ बघत होता. त्यात लागणारा चिकट तांदूळ बाजारात मिळाला नाही. किराणावाल्याने त्याला इंद्रायणी दिला आणि हाही चिकटच होतो म्हणून सांगितलं. गोरक्षने नारळाच्या दुधाचे डबे आणले, केशर आंबे आणले, आणि तांदूळ रात्रीच भिजत घातला.

रविवारी दोघं ओट्याशी उभे राहिले. शुभांगी आणि चैताली दारात खुर्च्या टाकून बसल्या. गोरक्षने मोदकपात्रात फडकं पसरून तांदूळ उकडायला ठेवला. तो उकडेना. बऱ्याच वेळाने एक शीत दाताखाली धरलं तर कचकचीत लागलं. वाफ थोडी वाढवू म्हणून वाढवली, पाणी आटलं, फडकं करपलं. शेवटी त्याने सगळा तांदूळ कुकरमध्ये घातला आणि शिट्ट्या होऊ दिल्या. इकडे सुयशने नारळाच्या दुधात साखर आणि चिमूटभर मीठ घालायचं, ते उलटं केलं.

चैतालीने विचारलं, शिकवायला कोण होतं? गोरक्ष म्हणाला, एक म्हातारे गृहस्थ होते. सुयश त्याच वेळी म्हणाला, एक बाई होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गोरक्ष म्हणाला की आधी गृहस्थ होते, नंतर बाई आल्या. बाईंचं वय काय होतं, असं चैतालीने विचारलं.

सुयशच्या हातातला डाव भांड्यात पडला. "वहिनी, खरं सांगतो," तो शुभांगीकडे बघून म्हणाला, "आम्ही कुठंच गेलो नाय. खोलीत बसलो होतो."

मग त्याने सगळं सांगितलं. पासपोर्ट हरवला तर परत जाता येणार नाही, असं गाइडने सकाळी बजावलं होतं. त्या धास्तीने दोघांनी पासपोर्ट कमरेला बांधले होते. संध्याकाळी बाकीच्यांबरोबर निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे एकाही पाटीवरचं अक्षर वाचता येईना. गोरक्ष म्हणाला, चल मागे. खोलीत येऊन दाराला कडी घातली, घरून नेलेला चिवडा आणि लसणाची चटणी खाल्ली, पत्ते खेळले आणि झोपले. हे सांगायची लाज वाटली म्हणून गोरक्षने भाताची थाप मारली आणि सुयशने ती उचलून धरली.

शुभांगीला तत्काळ पटलं. हा माणूस शिर्डीच्या गर्दीतही पाकिटावरचा हात काढत नाही, हे तिला ठाऊक होतं. आठवडाभर तिने भांडणाची तयारी केली होती, आणि आता भांडायला काही उरलंच नाही. तिला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

चैतालीला मात्र मुळीच पटलं नाही. ती पदर सावरत उठली. "दोन बाप्ये विमानानं तिकडं गेले आन् चिवडा खाऊन झोपले? खोटं बोलायचं तर जरा नीट तरी बोलावं," ती म्हणाली. सिन्नरची बस मिळेपर्यंत ती सुयशशी बोलली नाही, आणि बसमध्येही बोलली नाही.

पाहुणे गेल्यावर कुकर उघडला. आत आजाऱ्याला द्यावा तसा मऊ भात झाला होता. गोरक्ष म्हणाला, उद्या मी दुकानात सगळ्यांना खरं सांगून टाकतो. शुभांगीने त्याला थांबवलं.

"कुणाला काही सांगायचं नाही. मी माझ्या बहिणीला सांगितलंय, भिशीतल्या बायकांना सांगितलंय, की आमचे हे परदेशात कोर्स करून आलेत. आता शिकून घ्या," ती म्हणाली.

गोरक्ष शिकला. खरा चिकट तांदूळ त्याने ऑनलाइन मागवला. किती भिजवायचा, कधी उकडायचा, गरम भातावर गोड दूध ओतून किती वेळ झाकून ठेवायचं, हे बिघडवत बिघडवत त्याला समजलं. वरून भाजलेली मूगडाळ भुरभुरायची, हेही जमलं. भिशीच्या दिवशी बायकांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या मॅडम तिथे सांगायच्या, भाताला घाई चालत नाही." मॅडम इतक्या सहज तोंडी आल्या, की शुभांगीनेही एकदा चमकून त्याच्याकडे पाहिलं.

ही गोष्ट कंपनीच्या माणसापर्यंत गेली. तो दुकानात आला, गोरक्षला वाटी हातात धरायला लावून त्याने फोटो काढला, आणि पुढच्या स्कीमच्या पत्रकावर तो छापून आला. खाली लिहिलं होतं : अभ्यास दौऱ्याचे फलित. शेतकऱ्यांना बुरशीनाशकाबरोबर ते पत्रकही मिळू लागलं.

दुकानातल्या मंडळींनी पत्रक फिरवून फिरवून पाहिलं. गोरक्षला वाटलं, आता आपली पट्टायाची इज्जत गेली. पण त्यांच्यातला सगळ्यात जाणता माणूस म्हणाला, घरच्यांपासून झाकायला ज्याला अख्खा स्वयंपाक शिकावा लागला, त्याने तिथे काय काय केलं असेल? बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या दिवसापासून ते गोरक्षला त्याच्याच दुकानात उठून खुर्ची देऊ लागले.

खरं बोललेला एकटा सुयश तेवढा अडकला. चैताली रोज त्याला एकच विचारायची : थेटेभाऊ निदान काही शिकून तरी आले, तुम्ही काय करत होता? शेवटी आंबे संपत आले तेव्हा तो एका रविवारी सिन्नरहून एकटाच बसने आला. गोरक्षने पातेलं काढलं, तांदूळ मोजला आणि सुयशला तो धुवायला सांगितला.